आजार लपवू नका, प्लॉट पडीक ठेवू नका

(जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर जून २०२१ च्या पहिल्या आठवड्यात झालेल्या बैठकीत आपल्या एका महिला कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोललं तसंच टिपलं आहे, कुठे कुठे वाक्य सरळ केलं आहे. ज्या पाड्यांवर बैठक झाली नाही तिथे वाचून दाखवावं.)



बायांनो, जरा लांब लांब बसा. आंब्याखाली जागा भरपूर आहे, एकमेकीच्या मांडीवर बसायची गरज नाही. दादांनो, तोंडावरचा टॉवेल नाकावर घ्या, हनुवटीला काही आजार होत नाही. बसा.

आजची बैठक वनहक्काची आहे असा निरोप गेला होता. ती वनहक्काचीच आहे. पण मी सुरुवात घरातल्या तापापासून करणार, आणि ती माझ्याच घरातल्या.

गेल्या साली २४ मार्चला रात्री आठ वाजता जाहीर झालं, बाराच्या ठोक्याला सगळं बंद. चार तास दिले. आपली अर्धी माणसं जगायला गेलेली. कोण भिवंडीकडे, कोण वसईकडे, कोण पार पनवेलला वीटभट्टीवर. काही आठ दिवस चालून आली, पोरं खांद्यावर घेऊन. काहींना शेठनं भट्टीवरच ठेवून घेतलं, उचल फिटली नाही म्हणून. त्या साली आपल्याकडे आजार फारसा आला नाही, भूक आली. तेव्हा आपण काय खाल्लं ते आठवा. रेशनवर माणशी पाच किलो फुकट धान्य आलं, ते खरं आहे. ते मिळवायला काही पाड्यांवर भांडावं लागलं, तेही खरं आहे. ज्यांचं कार्ड नव्हतं, किंवा सून आली पण तिचं नाव चढलं नव्हतं, त्यांना ते पाच किलोही नाही. पण मोहाची फुलं होती, करवंदं होती, ओहळात खेकडे होते, कडूकांद होते. डोकऱ्यांनी पोरांना शिकवलं, कडूकांद कसा चिरायचा, किती वेळा उकळायचा, वाहत्या पाण्यात किती ठेवायचा. शाळा बंद होती, पण तेवढी एक शाळा चालू झाली. आणि ज्यांच्याकडे प्लॉट होता, त्यांच्या कणगीत नाचणी आणि वरई होती. जंगल बंद झालं नव्हतं, म्हणून आपण जगलो.

यंदा उलट झालं. यंदा भूक थोडी कमी, आणि ताप आला. एप्रिलमध्ये भट्ट्यांवरून माणसं परतली आणि पंधरा दिवसांत आमच्या पाड्यावर नऊ घरांत ताप. कुणाला जुलाब, कुणाच्या तोंडाची चव गेली. आम्ही सगळे एकच बोलत होतो, ऊन लागलं. एप्रिल महिना, ऊन लागणारच. खोटं बोलायला ऊन फार सोयीचं पडतं.

माझा धाकटा दीर भट्टीवरून आला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. आमचं घर कुडाचं, एक खण आणि पडवी. माणसं आठ. आशाताई घरोघर विचारत फिरत होती, ती आमच्या दारात आली आणि तिनं विचारलं, "घरात कुणाला ताप, खोकला?" मी दारात उभी राहून सांगितलं, "नाय, सगळी बरी हाईत." मी. जी तुम्हाला गेली पंधरा वर्षं सांगते की अधिकाऱ्यासमोर खरं बोला, भिऊ नका. तिच्या पिशवीत ते बोटाला लावायचं यंत्र होतं. तो पडवीत गोधडी घेऊन पडला होता, दहा हातांवर.

का लपवलं, तेही सांगते, कारण तुमच्यातली निम्मी माणसं त्याच कारणानं लपवतात.

एक कारण सगळ्यांना माहीत आहे. गाडीनं गेलेलं माणूस प्लास्टिकमध्ये बांधून येतं, किंवा येतच नाही. तोंड बघायला मिळत नाही. दुसरं कारण, एक गेला की सगळ्या घराला चौदा दिवस बसवतील, मग मजुरीला कोण जाणार. पण माझ्या मनातलं खरं कारण तिसरं होतं. त्याचा प्लॉट. तो पाच एकर कसतो आणि पट्टा मिळाला आहे दीड एकराचा, बाकीचं अपिलात आहे. राब भाजायचा राहिला होता, बांध घालायचा राहिला होता. दिवाळीनंतर एक गार्ड बोलून गेला होता की जमीन पडीक दिसली तर आम्ही चर खणून झाडं लावू. तो खरंच लावणार होता की नुसता भेववत होता, मला ठाऊक नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, हा दवाखान्यात गेला, आम्ही घरात कोंडलो, की पावसाळा गेला आणि त्याच्या पाठोपाठ प्लॉट गेला. म्हणून मी आशाताईला परत पाठवलं.

सातव्या दिवशी त्याला पडवीतून उठून अंगणात जाता येईना. दोन पावलं चालला की बसायचा. बोलताना वाक्य तुटायचं. आठव्या रात्री त्याला झोळीत घालून सडकेपर्यंत आणला, दीड तास लागला. जीपवाला घ्यायला तयार नव्हता, दुप्पट भाड्यात तयार झाला. पहिल्या दवाखान्यात खाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी पहाटे ऑक्सिजन लागला. तिसऱ्या दिवशी तो गेला. छत्तीस वर्षांचा होता. तिथला डॉक्टर ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "तीन-चार दिवस आधी आणला असता तर मी काहीतरी करू शकलो असतो." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हे मी रडायला सांगत नाही. माझी जाऊ तिथे मागे बसली आहे, तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, सांग.

आता कामाचं बोलू.

टीव्हीवर सांगतात, आजारी माणसाला वेगळी खोली द्या, वेगळा संडास द्या, वीस सेकंद हात धुवा. आपल्याकडे खोलीच एक. आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचं, टँकर आला तर आला. आपल्याच मुलखातल्या वैतरणेचं पाणी धरणांतून मुंबईला जातं आणि हात धुवायचा उपदेश तिकडून इकडे येतो. असो. आपल्याकडे जे आहे त्यात काय करता येतं ते बघू.

कुडाचं घर या आजाराला वाईट नाही. कारवीच्या कुडातून वारा खेळतो. घरकुलाची विटांची खोली, वर पत्रा, खिडकी बंद, ती वाईट. म्हणून आजारी माणूस पडवीत झोपवा. आत चुलीपाशी नको, धूर छातीला मारतो. पाऊस लागेपर्यंत शेतावरचा माळा किंवा गोठ्याची एक बाजू लिंपून घेतली तरी चालेल. पण एकट्याला रानात टाकून यायचं नाही. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर असला पाहिजे आणि रात्री कुणीतरी उठून बघितलं पाहिजे. जेवण पळसाच्या पत्रावळीवर द्या, जेवला की पत्रावळ जाळा. भांडं घासायचं पाणी वाचतं. साबण नसला तर राखेनं हात चोळून धुवा, आपल्या आज्या तेच करत होत्या. सेवा एकाच माणसानं करायची, सगळ्या घरानं भोवती बसायचं नाही. घरात डोकरी असेल, दमा असेल, साखरेचा आजार असेल, पोटुशी बाई असेल, तर ती सेवेला नको.

तापाला पॅरासिटामॉलची गोळी. मोठ्या माणसाला ५०० ची एक, सहा तासांनी पुन्हा लागली तर पुन्हा. दिवसात चारच्या वर नाही. दारू पिऊन ती गोळी घ्यायची नाही, काळजाला नाही पण लिव्हरला मारते. जुलाब असले तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पेज द्या, नाचणीची आंबील द्या, कुळथाचं कळण द्या. तोंडाला चव नसते, माणूस नको नको म्हणतो, तरी घोट घोट द्या.

आणि सुई. बाजारात बसलेला डॉक्टर, ज्याच्याकडे तुम्ही पाचशे रुपये देऊन सलाईन लावून घेता. ताप आल्या आल्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी तो स्टिरॉइडची सुई मारतो, ताप उतरतो, माणूस उठून बसतो, तुम्ही म्हणता हाताला गुण आहे. ऑक्सिजन कमी झालेला नसताना ते औषध नुकसान करतं. ते औषध चांगलंच आहे, पण दवाखान्यात, ऑक्सिजन लागलेल्या माणसाला. ताप उतरला म्हणून आजार उतरला असं नाही.

मुख्य गोष्ट दिवस मोजणं. ताप आला तो दिवस पहिला. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत डोळ्यात तेल घालून बघायचं. माझ्या दिराला पाचव्या दिवशी बरं वाटलं होतं, तो पेज प्यायला, हसला, आम्ही निर्धास्त झालो. तिथेच फसलो.

भिंतीवर कोळशानं रेघ मारा, रोज एक. आणि श्वास मोजा. माणूस शांत पडलेला असताना पोटावर हलका हात ठेवा, मोबाईलच्या घड्याळात एक मिनिट बघा. पोट किती वेळा वर आलं? मोठ्या माणसाचं २४ किंवा जास्त झालं तर दवाखाना. ३० झालं तर रात्र असो की पाऊस, निघायचं. लेकरांचा श्वास मुळातच जलद असतो, त्यांचं आशाताईला विचारा. बोटाचं यंत्र असेल तर आकडा ९५ च्या वर हवा. ९४ च्या खाली आला की घरी ठेवायचं नाही. आकडा बरा दिसला तरी अंगणात सहा मिनिटं चालायला लावा आणि पुन्हा बोट घाला. ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला तर निघा. ज्याला आधीच धाप आहे त्याला चालवायचं नाही, त्याला सरळ न्यायचं. आणि गाडी येईपर्यंत पालथं झोपवा, छातीखाली गोधडीची घडी. त्यानं श्वासाला मदत होते.

भगतबाबा इथे बसले आहेत. त्यांच्याबद्दल बाहेरचे लोक वाटेल ते बोलतात, म्हणून मला सांगायचं आहे. त्यांच्याकडे मे महिन्यात अकरा माणसं आली. त्यांनी दाणे पाहिले, जे करायचं ते केलं, आणि अकराही जणांना सांगितलं, आता आशाताईकडे जा, माझं काम झालं. त्यांचं ऐकून जेवढी माणसं गेली तेवढी माझं भाषण ऐकून गेली नसती. भगताकडे जायला कुणी अडवत नाही. तिथे तीन दिवस बसून राहू नका, एवढंच.

आता लस. मी घेतली, दंड दोन दिवस दुखला, ताप आला, तिसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेले. तुम्ही म्हणता, लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, मोबाईलवर आलं आहे. बायांना मूल होत नाही म्हणतात. या भीतीला मी हसणार नाही. आपले डोकरे सांगतात, आणीबाणीत नसबंदीची गाडी आली की रानात पळायचो. सरकारी गाडीला भ्यायला आपल्याला कारण आहे. पण त्याच डोकऱ्यांच्या दंडावरचा तो गोल डाग बघा. देवी काढल्याचा डाग. त्यानंतर देवीची साथ आपल्या मुलखातून गेली, सगळ्या जगातून गेली. तुमच्या पोरांपैकी एकाच्या तरी तोंडावर देवीचे व्रण आहेत का?

आणि साथीच्या वेळी आपण नुसते घाबरून बसलो नव्हतो. शंभर वर्षांपूर्वी, १९२२ साली, पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी देवीची साथ शांत करायला देवीला बोलावलं. ती देवी अंगात येत येत डोंगरात चढली, डांगात गेली, सुरतेकडे गेली. तिनं सांगितलं काय? दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. पुढे सांगितलं, दारूवाल्याच्या आणि जमीनदाराच्या कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी ते पाळलं. सुरुवात साथीपासून झाली आणि गोष्ट वेठीपर्यंत पोचली. म्हणून मी म्हणते, ही बैठक वनहक्काचीच आहे.

लसीचं खरं दुखणं वेगळं आहे. अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना मोबाईलवर नंबर लावायला सांगितलं. आपल्या पाड्यावर रेंज मिळते त्या टेकडीवरच्या दगडापाशी. आपण दगडावर चढेपर्यंत नंबर संपतात आणि शहरातली माणसं गाड्या घेऊन आपल्या भागातल्या केंद्रावर टोचून जातात. मग म्हणतात आदिवासी लस घेत नाहीत. तालुक्याला आपण निवेदन दिलं आहे की पाड्यावर या, वही-पेन घेऊन नावं लिहा. येतील तेव्हा रानात पळून जाऊन आपलंच निवेदन खोटं पाडू नका.

आता प्लॉटचं. जाऊबाई, तू पुढे ये.

एक पावसाळा आजारपणात पेरणी झाली नाही म्हणून मिळालेला वनहक्क जात नाही. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांना कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत हुसकावून लावता येणार नाही. जिल्हा समितीनं कमी क्षेत्र दिलं किंवा दावा फेटाळला, तर मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं विभागीय समितीकडे अपिलाची वाट खुली झाली. हे मला तेव्हाही माहीत होतं. कायदा पाठ होता, तरी गार्डाचं वाक्य डोक्यात बसलं होतं. म्हणून तुम्हाला सांगते, गार्ड असं बोलला तर त्याच दिवशी वनहक्क समितीकडे तारीख घालून लिहून द्या. मनात ठेवू नका. मनात ठेवलं की ते घरातल्या माणसावर निघतं.

ज्या घरात माणूस गेलं आहे त्यांनी हे ऐका. लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, कलम ४(४). कागद काढून बघा, बाईचं नाव आहे का. नसेल तर आपण अर्ज करू. तो हक्क विकता येत नाही, पण वारसाला जातो. भाऊबंद येऊन म्हणेल, तुझं काय आहे इथे, माहेरी जा, तर कागद दाखवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात गेला असेल तर दवाखान्याचा कागद फेकू नका, त्यावर कारण लिहिलेलं असतं. विधवा बाईला संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर कुटुंब लाभाचे २० हजार एकदा मिळतात. खावटीचे चार हजार, निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू, ते कुणाकुणाचे अडकले आहेत त्यांची नावं बैठक संपल्यावर लिहून द्या.

आणि हे सगळं कागदाचं झालं. प्रत्यक्षात आजारी घराचं पाणी कोण भरणार? बाई पडली की घर पडतं, पुरुष पडला तर बाई दोन्ही ओढते. मे महिन्यात आमच्या शेजारणीला स्वतःला ताप होता आणि ती हंडे भरत होती, कारण नवरा म्हणाला, मला चूल येत नाही. दादांनो, पेज शिजवायला शाळा लागत नाही. भट्टीवर असता तेव्हा करून खाताच ना?

आपण आवणीला एकमेकांकडे उसणं जातो, तशी ही उसणी. ज्या घराच्या भिंतीवर कोळशाची रेघ दिसली, त्या घराच्या दारात दोन हंडे पाणी आणि लाकडाची मोळी पोचली पाहिजे. आत जायचं नाही, अंगणाच्या कडेला ठेवून हाक मारायची. त्यांची गुरं दुसऱ्यानं सोडायची. लेकरं ज्या घरात ताप नाही त्यांनी वाटून घ्यायची नाहीत, त्यांनी आपल्याच अंगणात राहायचं, पण त्यांचा घास बाहेरून जाईल. गाडीसाठी घरटी वीस रुपये आताच काढून ठेवू. ते पैसे कुणाकडे ठेवायचे ते तुम्ही ठरवा, माझ्याकडे नको. झोळीला चार माणसं आजच नेमा, रात्री शोधत बसायला नको.

मृग दोन दिवसांवर आला. जाऊच्या प्लॉटवर राब भाजला गेला नाही, तिथे यंदा रोप होणार नाही. माझ्याकडे पाच पायली वरई आहे, ती आम्ही माझ्या राबात जास्तीची पेरतो आणि रोप तिच्या प्लॉटवर नेऊ. बांध तेवढा पावसाआधी घातला पाहिजे. उद्या सकाळी कोण येणार, हात वर करा. सहा. अजून? अकरा झाले, बास. कुदळ आपली आपली आणा, भाकर मी करते.

उठू नका अजून. आशाताई आली आहे, यंत्र घेऊन. मागच्या वेळी मी तिला दारातून परत पाठवलं होतं, म्हणून पहिलं बोट माझं. मग डोकऱ्या, मग बाकीचे.